बेव्हलिंग मशीन घेतल्यावरही रूट रिपेअर थांबत नसेल तर

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. ग्राइंडरनं बेव्हल (वेल्डिंगसाठी पाइपच्या तोंडाला दिलेली तिरकी कड) मारून जॉइंट एक्स-रेत फेल जात होते, म्हणून पाइप बेव्हलिंग मशीन घेतलं. बेव्हल आता गुळगुळीत येतो, कोन बरोबर बसतो, वेळही वाचतो. पण फिल्मवर तीच काळी सरळ रेघ दिसते, तोच 'लॅक ऑफ पेनिट्रेशन', म्हणजे रूट (जॉइंटचा सगळ्यात आतला, पहिला वेल्ड) पूर्ण न वितळणं, आणि तोही बहुतेक वेळा जॉइंटच्या एकाच अंगाला. मग वेल्डर बदलला जातो, करंट वाढवला जातो, दोन पाइपांमधला गॅप वाढवला जातो. चार जॉइंट बरे निघतात आणि पाचव्याला पुन्हा रिपेअर.

मी स्वतः या फेऱ्यात एक अख्खा ऑफ-सीझन घालवला आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वाफेच्या लाईनचं काम होतं. ६ इंची पाइप, शेड्यूल ८० (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा क्रमांक), ए१०६ ग्रेड बी, म्हणजे सीमलेस कार्बन स्टील, रूट आर्गननं आणि वरचे पास (थर) रॉडनं. लाईन आय.बी.आर.मधली, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांखालची, त्यामुळे एक्स-रेवर कोणाची मेहेरबानी नव्हती. गाळप सुरू व्हायची तारीख ठरलेली असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी प्रत्येक रिपेअर म्हणजे ग्राइंडिंग, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा एक्स-रेसाठी रात्रीची वाट आणि तोपर्यंत पुढचं हायड्रो टेस्टिंग (पाण्याच्या दाबाची चाचणी) अडकलेलं. खाली लिहिलं आहे ते त्या कामातून आणि नंतरच्या कामांमधून हाताला लागलेलं आहे.

आधी हे बघा: दोष फिरतो की एका जागी राहतो

वेल्डरला दोष देण्याआधी फिल्म आणि जॉइंट एकमेकांशी जुळवा. पाइपवर शून्याची खूण कुठे होती आणि शिशाच्या आकड्यांची पट्टी कोणत्या दिशेनं लावली होती, हे एक्स-रेवाल्याकडून नक्की करून घ्या. मग प्रत्येक रिपेअर घड्याळाच्या काट्यानुसार कागदावर मांडा. दोष कधी २ वाजता, कधी ७ वाजता, कधी तळाला असा फिरत असेल, तर वेल्डरचा हात, वारा, आर्गनचं पर्जिंग (पाइपच्या आत गॅस भरणं), फिलर (भरावाची तार) या गोष्टी तपासणं योग्य आहे. कायम ६ वाजताच येत असेल तर तो ओव्हरहेड पोझिशनचा प्रश्न असू शकतो. पण दोष एका पाइपच्या एकाच कडेला चिकटून येत असेल, पाइप फिरवला की दोषही त्याच्यासोबत फिरत असेल, तर वेल्डरला सोडा आणि व्हर्नियर घ्या.

बेव्हल केलेल्या पाइपच्या तोंडावर खडूनं आठ खुणा करा, समान अंतरावर. प्रत्येक खुणेवर दोन मापं घ्यायची: पाइपच्या भिंतीची जाडी आणि रूट फेसची जाडी. रूट फेस म्हणजे बेव्हलच्या टोकाला सोडलेली सपाट कड, जिला बरेच जण नुसतं 'लँड' म्हणतात. ही सोळा मापं घ्यायला पाच मिनिटं पुरतात, आणि दुखणं कुठलं ते बहुतेक वेळा त्यातच कळतं.

लँड एका बाजूला जाड, बरोबर समोरच्या बाजूला पातळ आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारी असेल, तर पाइपचं आतलं वर्तुळ आणि बाहेरचं वर्तुळ एका केंद्रावर नाही. दोन ठिकाणी जाड, दोन ठिकाणी पातळ, एकाआड एक असं आलं तर पाइप अंडाकृती आहे. लँड सगळीकडे सारखी, पण फिट-अपला, म्हणजे दोन पाइप समोरासमोर जुळवताना, गॅप एकीकडे २ मि.मी. आणि समोर ४ मि.मी. असेल तर तोंड काटकोनात नाही, म्हणजे मशीन पाइपमध्ये तिरकं बसलं होतं. ६ इंची पाइपला मशीन एक अंश जरी तिरकं बसलं तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ ३ मि.मी.चा फरक पडतो. आणि मापं वेडीवाकडी, कसलाही नियम नसलेली आली, तर मशीननंतर कोणीतरी ग्राइंडर फिरवला आहे किंवा टूल ढिलं आहे.

आमच्याकडे पहिला प्रकार निघाला. शेड्यूल ८० च्या ६ इंची पाइपची कागदावरची जाडी १०.९७ मि.मी. त्या पाइपला एका अंगाला ११.८ मिळाली आणि समोर १०.३. पाइप खराब नव्हता. ए१०६ मध्ये जाडी नाममात्र मापापेक्षा १२.५ टक्क्यांपर्यंत कमी चालते, म्हणजे ९.६ मि.मी. पर्यंत. सीमलेस पाइप तापलेल्या गोळ्याला मधून भोक पाडून तयार होतो, आणि ते भोक नेहमीच अगदी मध्यावर पडत नाही. त्यामुळे असा फरक गृहीतच धरायला हवा.

मशीन पाइपला कुठून धरतं

आमचं मशीन स्प्लिट फ्रेम जातीचं होतं, म्हणजे दोन अर्ध्या कड्या पाइपभोवती बाहेरून आवळायच्या आणि टूल पाइपभोवती फिरवायचं. कापणं आणि बेव्हल एकाच वेळी होतं. रॅकवर चालू लाईन कापायची असेल तर त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. आम्ही ते घेतलं कारण त्याच्या माहितीपत्रकात ४ ते ८ इंच लिहिलं होतं आणि आमचं काम ४ ते ८ इंचाचं होतं. निवड तेवढ्यावर झाली.

आठ खुणांची मापं घेतली तेव्हा आमचे जुने फिटर शेजारी बसले होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, मशीन धरतंय बाहेरनं आन् आपल्याला जुळवायचंय आतनं. कसं जमायचं?"

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. बाहेरून धरणारं मशीन पाइपच्या बाहेरच्या वर्तुळाच्या केंद्रावर फिरतं. बेव्हल बाहेरून आत येतो आणि एका ठराविक त्रिज्येवर थांबतो. त्याच्या आत जे शिल्लक राहतं ती लँड. भिंत जाड तिथे शिल्लक जास्त, भिंत पातळ तिथे शिल्लक कमी. भिंतीत दीड मिलिमीटरचा फरक असेल तर तो सगळाच्या सगळा लँडमध्ये उतरतो. आम्ही १.६ लावली होती. पाइपवर ती एका अंगाला २.३ आणि समोर ०.८ भरत होती. २.४ मि.मी.चा फिलर आणि आर्गनचा रूट घेऊन वेल्डर २.३ च्या लँडवर आला की रूट आतून वितळत नाही. त्याच करंटवर ०.८ वर आला की भोक पडतं किंवा रूट आत लोंबतो. तो बिचारा करंट कमी करतो, आणि पुन्हा जाड बाजूला आला की कड तशीच राहते. आम्ही दोन वेल्डर बदलले होते. त्या दोघांची आजही मनापासून माफी मागावीशी वाटते.

आतून धरणाऱ्या मशीनचं गणित उलटं आहे. त्याचा दांडा पाइपच्या पोटात जातो, जबडे पसरून आतल्या भिंतीला टेकतात आणि मशीन आतल्या वर्तुळाच्या केंद्रावर बसतं. मग भिंत कितीही कमी-जास्त असो, लँड चारही बाजूंनी सारखी येते. फरक जातो बेव्हलच्या बाहेरच्या कडेला, जिथे कॅप पासमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या थरात, तो सहज सामावतो. रूटला जे हवं ते आतून धरणारं मशीन मुळातच देतं. म्हणून शॉपमध्ये स्पूल (पाइप आणि फिटिंग जोडून केलेले तुकडे) तयार करायचे असतील, पाइपचं तोंड मोकळं असेल आणि एक्स-रे असेल, तर माझं पहिलं मत आतून धरणाऱ्या मशीनलाच आहे.

हातात बाहेरून धरणारंच मशीन असेल तर

नवं मशीन घ्यायची गरज नाही. बऱ्याच स्प्लिट फ्रेमना काउंटरबोअरचं टूल लावता येतं, म्हणजे पाइपचं तोंड आतूनही थोडंसं टर्न करता येतं. मशीन बाहेरच्या केंद्रावर आहे, त्यामुळे त्यानं केलेलं आतलं वर्तुळही त्याच केंद्रावर येतं. आत आणि बाहेर एक झालं की लँड सारखी झाली. वर फायदा असा, की दोन्ही पाइपांचं आतलं माप एकच राहतं आणि आतली पायरी, जिला आपण 'हाय-लो' म्हणतो, तीही जाते. आमच्या बहुतेक ड्रॉइंगवर हाय-लो १.६ मि.मी. पर्यंतच चालते आणि जाडीतला फरक ती सगळी खाऊन टाकतो.

दोन गोष्टी मात्र पाळा. काउंटरबोअरनंतर उरलेली जाडी डिझाइनच्या किमान जाडीपेक्षा कमी होता कामा नये. हे तुम्ही-मी ठरवायचं नाही, ड्रॉइंगवाल्या इंजिनिअरकडून लेखी घ्या. आणि काउंटरबोअर जिथे संपतो तिथे उभी पायरी ठेवू नका, सौम्य उतार द्या. उभ्या पायरीवर ताण साठतो, शिवाय फिल्मवर ती रेघ दिसते आणि कोणीतरी तिला दोष समजतं.

काउंटरबोअरचं टूल नसेल तर निदान एवढं करा: आठ मापांवरून प्रत्येक पाइपची जाड बाजू रंगानं खुणवा आणि फिट-अपला जाड समोर जाड येईल असा पाइप फिरवा. हाय-लो कमी होतो. जाड बाजूची लँड सपाट फाइलनं उतरवा. काम हळू होतं, पण वेल्डरला सगळीकडे एकसारखी कड मिळते. वाकवलेल्या किंवा आधीच दिशा ठरलेल्या स्पूलला हा उपाय लागू पडत नाही, कारण तो फिरवताच येत नाही.

मशीन अजून घेतलं नसेल तर

विक्रेत्याला इंच सांगू नका, आतला व्यास सांगा. '६ इंच' हे एक माप नाही. बाहेरून सगळे ६ इंची पाइप १६८.३ मि.मी. असतात. आतून शेड्यूल ४० ला १५४.१, शेड्यूल ८० ला १४६.४ आणि शेड्यूल १६० ला १३१.८ मि.मी. आतून धरणाऱ्या मशीनचे जबडे संचात येतात आणि प्रत्येक संचाची पसरण्याची मर्यादा असते. तुमच्याकडचे सगळे शेड्यूल एका यादीत लिहा, आतले व्यास काढा, आणि कोणता संच कुठल्या व्यासापासून कुठल्या व्यासापर्यंत जातो ते विचारा. मध्ये एखादी फट राहिली की नेमका त्याच मापाचा पाइप पुढच्या कामात येतो.

दुसरा प्रश्न जाडीचा. कडेची तयारी सांगणाऱ्या ए.एस.एम.ई. बी१६.२५ या मानकामध्ये साधारण २२ मि.मी. पर्यंत साधा बेव्हल आहे: ३७.५ अंश, अडीच अंश इकडे-तिकडे, आणि लँड १.६ मि.मी., ०.८ इकडे-तिकडे. त्याहून जाड भिंतीला कंपाउंड बेव्हल, म्हणजे खाली ३७.५ अंश आणि वर १० अंश. जाड पाइपला एकच सरळ कोन ठेवला तर वरचं तोंड फार रुंद होतं आणि भरायला रॉडचे ढीग लागतात. तुमचं काम २२ च्या आत असेल तर कंपाउंडचं टूल आणि त्यासाठीची जास्त ताकद यांचे पैसे मोजू नका. पॉवर प्लांटचं जाड पाइपिंग करणार असाल तर मात्र त्याशिवाय मशीन घेऊ नका.

कोनाबद्दल एक गोंधळ वारंवार होतो. लाईन पाइप, म्हणजे तेल-वायूच्या लाईनसाठीचा ए.पी.आय. ५एल वाला, मिलमधूनच ३० अंशाचा बेव्हल घेऊन येतो. एल्बो आणि टी येतात ३७.५ अंशाचे. दोघं समोरासमोर आले की फिटर घाबरतो आणि पाइप पुन्हा बेव्हल करायला निघतो. तुमच्या डब्ल्यू.पी.एस.मध्ये (वेल्डिंग कसं करायचं ते ठरवणाऱ्या कागदात) दोन्ही मिळून जो कोन दिला आहे, त्याच्या मर्यादेत ६७.५ बसत असेल तर हात लावायची गरज नाही. बसत नसेल तरच मशीन काढा. कोन कमी केला की भराव किती वाचतो, हेही लक्षात ठेवा. ११ मि.मी. जाडी, १.६ लँड आणि ३ मि.मी. गॅप धरला तर दोन्ही बाजू ३७.५ ऐवजी ३० केल्यावर भरायचं क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मि.मी.वरून ८४ वर येतं. पण डब्ल्यू.पी.एस. बदलल्याशिवाय हा मोह धरू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा. आतून धरणाऱ्या मशीनला पाइपच्या तोंडासमोर लांबीत मोकळी जागा लागते. बाहेरून धरणाऱ्याला पाइपभोवती कडीपुरती जागा लागते. शेजारी दुसरी लाईन २ इंचांवर असेल तर कडी फिरत नाही. बॉयलरच्या वॉटर-वॉल ट्यूब बदलताना तर शेजारच्या ट्यूबला पट्टीच जोडलेली असते. तिथे लहान, आतून धरणारं मशीनच चालतं, आणि त्याला ती पट्टी ट्यूबभोवतीनं साफ करणारं टूल मिळतं का ते आधी विचारायचं असतं.

हातात धरून चालवायची मिलिंग जातीची बेव्हलिंग मशीनही बाजारात आहेत, कार्बाइड इन्सर्टवाली. प्लेटसाठी, स्ट्रक्चरल पाइपसाठी, कमी दाबाच्या पाण्याच्या लाईनसाठी ती उत्तम आणि वेगवान आहेत. पण ती पाइपच्या कापलेल्या तोंडावर टेकून चालतात. तोंड वाकडं कापलं असेल तर बेव्हलही त्याच वाकडेपणानं येतो. एक्स-रेच्या कामासाठी मी ती घेणार नाही.

आणि डेमो. विक्रेता स्वतःसोबत एक गोजिरवाणा तुकडा आणतो, दोन्ही बाजूंनी टर्न केलेला, फूटभर लांब. तो नको म्हणा. तुमच्या यार्डातला, तुम्ही मोजून ठेवलेला, सगळ्यात जास्त फरकाचा पाइप पुढे करा. त्यावर बेव्हल घ्या, आठ खुणा करा आणि मापं त्यांच्यासमोर लिहा. लँड १.६ लावली असेल तर आठही ठिकाणी ती १.२ ते २ च्या आत यायला हवी, ही माझी कसोटी आहे. बी१६.२५ ची मर्यादा याहून सैल आहे, पण वेल्डरला सैल कड देऊन आर्गनचा रूट नीट मागता येत नाही.

एल्बोचं वेगळं दुखणं

पाइपचे जॉइंट सुधारले तरी एल्बोवरचे सुधारले नाहीत, असं झालं की पुन्हा डोकं धरायची वेळ येते. कारण साधं आहे. आतून धरणाऱ्या मशीनचे लांब जबडे सरळ भिंतीला टेकण्यासाठी असतात. एल्बोच्या पोटात सरळ भिंत नसते, तोंडापासूनच वळण सुरू होतं. जबडे एका बाजूला टोकावर आणि दुसऱ्या बाजूला मध्यावर टेकतात, दांडा तिरका बसतो आणि तोंड काटकोनातून जातं. बाहेरून धरणारं मशीनही एल्बोवर आवळायला सरळ जागा शोधत राहतं. एल्बोसाठी आखूड जबड्यांचा वेगळा दांडा मिळतो. मशीन घेतानाच त्याची चौकशी करा, नंतर तो स्वतंत्रपणे मागवायला वेळ जातो. नसेल तर एल्बो आहे तसा वापरा आणि जुळवणी पाइपच्या बाजूला करा. एल्बोचा फॅक्टरी बेव्हल बहुतेक वेळा बरा असतो. त्याचा आतला व्यास मोजा आणि पाइपचं काउंटरबोअर त्याच्याशी मिळवा.

बेव्हलवर लाटा, टूलचे तुकडे

मशीन योग्य जातीचं असूनही पृष्ठभागावर लाटा उठत असतील, म्हणजे चॅटर येत असेल, तर आधी पकड बघा. पाइपच्या आतला गंज, स्केल, ईआरडब्ल्यू (लांबीत वेल्ड करून बनवलेल्या) पाइपची आतली शिवण यांवर जबडा बसला की तो पूर्ण टेकत नाही. जिथे जबडे बसणार तेवढा पट्टा वायर ब्रशनं स्वच्छ करा, शिवण असेल तर जबडा तिच्यावर येऊ देऊ नका. मग टूल किती बाहेर काढलं आहे ते पाहा. जेवढं आखूड तेवढं घट्ट.

मग वेग. एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) टूलला कार्बन स्टीलवर मिनिटाला साधारण २० मीटर धरून मी सुरुवात करतो. ६ इंची पाइपला ते मिनिटाला ३८ फेऱ्यांच्या आसपास येतं, २ इंची पाइपला १०५ च्या आसपास. ऑपरेटर २ इंचाचं काम संपवून त्याच वेगावर ६ इंची पाइप लावतो आणि टूल दोन मिनिटांत निळं पडतं. मशीनवर फेऱ्यांचा आकडा नसेल तर टूलला खडूची खूण करा आणि घड्याळ लावून मोजा. स्टेनलेसला हा वेग निम्मा करा.

फीडबद्दल उलटी चूक होते. चॅटर आला की ऑपरेटर फीड अगदी कमी करतो. टूल मग कापत नाही, नुसतं घासतं, आणि लाटा आणखी वाढतात. स्टेनलेसमध्ये तर घासलेला थर कडक होतो आणि पुढच्या फेरीत टूल त्याच्यावर घसरतं. किस काय सांगतो ते बघा. सलग, एकसारख्या जाडीची वळी निघत असेल तर फीड बरोबर आहे. भुगा पडत असेल तर टूल घासतंय किंवा त्याची धार गेली आहे. एचएसएसच्या टूलखाली किस निळा निघत असेल तर वेग जास्त आहे.

टूलचे तुकडे बहुतेक वेळा सुरुवातीलाच पडतात. गॅसनं किंवा हॅकसॉनं वाकडं कापलेलं तोंड असतं, सगळ्यात पुढे आलेला कोपरा कुठला ते न बघता टूल आणलं जातं आणि पहिल्याच फेरीत ते त्या कोपऱ्यावर आदळतं. मशीन बंद असताना टूल हातानं एक पूर्ण फेरी फिरवा, सगळ्यात उंच जागा शोधा, तिथून मिलिमीटरभर मागे थांबा आणि मग हवा चालू करा. गॅसनं कापलेल्या तोंडावरचा कडक थरही टूलची धार खातो, म्हणून स्लॅग आणि तो थर आधी ग्राइंडरनं उतरवा.

स्प्लिट फ्रेममध्ये आणखी एक जागा आहे. दोन टूल असतात, एक कापणारं आणि एक बेव्हलचं, आणि प्रत्येक फेरीला चांदणीच्या आकाराचं चाक खिळ्याला लागून टूल पुढे सरकतं. एका चांदणीचे दात झिजले की ते टूल मागे राहतं, दुसरं पुढे जातं आणि बेव्हलवर पायरी पडते. बेव्हलचं टूल कापणाऱ्याच्या पुढे गेलेलं मुळीच चालत नाही. दर दहा-बारा फेऱ्यांनी दोन्हींची खोली बघायची सवय ठेवा.

हवा कमी पडते ते कळत नाही

हवेवर चालणारं मशीन मध्येच दमतं, ऑपरेटर फीड दाबतो, टूल अडकतं. कॉम्प्रेसरवर तर ७ बार दिसत असतात. पण दाब मशीनपाशी, मशीन चालू असताना मोजायचा. पन्नास मीटर बारीक होज, मध्ये तीन कपलिंग आणि त्याच लाईनवर दोन ग्राइंडर असतील तर मशीनला पोचतात जेमतेम ४ बार. जाड होज घ्या, मशीनसाठी लाईन वेगळी ठेवा, आणि मशीन घेतानाच त्याला मिनिटाला किती हवा लागते ते तुमच्या कॉम्प्रेसरशी ताडून पाहा. आपलं ऑफ-सीझनचं काम पावसाळ्यात येतं, हवेत ओल असते. एफ.आर.एल.मधलं (हवा गाळणारा, दाब ठरवणारा आणि तेल देणारा संच) पाणी सकाळ-दुपार काढा आणि तेलाची वाटी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर मोटरच्या पात्यांना गंज चढतो. इलेक्ट्रिक मशीनलाही हाच न्याय: लांब, बारीक वायरवर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते.

किस हातानं काढू नका. फिरत्या टूलजवळ हातमोजा घालून बोट नेलेला माणूस मी पाहिला आहे. हवा बंद, होज सुटलेला, मग हुकानं किस काढायचा.

स्टेनलेससाठी टूल आणि जबडे वेगळे ठेवा. कार्बन स्टीलवर वापरलेला जबडा आत लोखंडाचे कण दाबून जातो आणि काही दिवसांत तिथे तांबूस डाग दिसतात. कापताना वापरलेलं तेल वेल्डिंगआधी ॲसिटोननं पुसा, बेव्हलवर आणि आतही, कडेपासून किमान इंचभर. आणि मशीननं सोडलेली बर, ती आतल्या कडेची पातळ धार, फाइलनं काढल्याशिवाय फिट-अप करू नका. ती राहिली की लँड जाड वाटते, गॅप कमी वाटतो आणि ती धार रूटमध्ये नीट वितळत नाही.

त्या कारखान्यात आम्ही शेवटी काउंटरबोअरचं टूल भाड्यानं आणलं. पहिल्या दिवशी मामांनी आठ खुणांची मापं स्वतः वहीत लिहिली, पुढच्या प्रत्येक तोंडाला लिहिली, आणि बदललेल्या दोघांपैकी एक वेल्डर परत आला होता, त्याला फिट-अपआधी ती वही दाखवायला सुरुवात केली. तो वही बघून करंट लावायचा. लाईनचे उरलेले जॉइंट त्यानंच भरले.